पान दोनशे बारा

"'आणि तिनं तलवार खाली टाकली,' पूर्णविराम," मात्रा म्हणाली.

"टाकली? इतक्यात?" काना खाटेवर ताडकन उठून बसली. "अजून दोन वार तरी व्हायला हवे होते!"

"लेखिकेनं तुम्हाला विचारून लिहिलेलं नाही. आडव्या व्हा आधी."

काना मुकाट्यानं आडवी झाली. तिच्या एका डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसरा आधीपासूनच अधू. पंधरा दिवस वाचायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. जन्मभर मुद्रितशोधन केलेल्या बाईला याहून मोठी शिक्षा कुठली? भाची उशाशी एक जाडजूड कादंबरी ठेवून गेली आणि जाता जाता मात्राला फोन करून गेली. सात वर्षांनी दारात उभी राहिलेली मात्रा पहिलं वाक्य बोलली ते एवढंच, "वाळलात."

छापखान्यात दोघी एका टेबलाच्या दोन बाजूंना सव्वीस वर्षं बसल्या होत्या. एकीनं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसरीनं प्रूफ तपासायचं. स्वल्पविरामसुद्धा तोंडानं म्हणायचा. उंच, सडपातळ ती काना आणि सगळ्यांच्या डोक्यावर बसते ती मात्रा. ही नावं खिळे जुळवणाऱ्यांनी ठेवली आणि ती अशी चिकटली, की खऱ्या नावानं हाक मारली तर दोघींपैकी एकही वळून पाहत नसे. सख्य विळ्याभोपळ्याचं. पंखा, खिडकी, ऱ्हस्व-दीर्घ, भांडायला काहीही चालायचं. एकदा तर एका अनुस्वारावरून त्यांनी चार दिवस अबोला धरला. म्हणजे टेबलाशी बसून दिवसभर एकमेकींना फक्त दुसऱ्यांची वाक्यं ऐकवली.

छापखाना बंद झाला तेव्हा काना म्हणाली होती, सुटले एकदाची. पहिल्याच आठवड्यात तिला कळलं, की सुटका वगैरे काही नाही. घरात तिची चूक काढणारं कुणी उरलं नव्हतं.

कादंबरी दोन जादूगरणींची होती. एकीच्या मुठीत वारा, दुसरीच्या मुठीत पाणी, आणि शंभर वर्षं एका दीपगृहावरून भांडण. काना वारेवालीच्या बाजूची, म्हणून मात्रा अर्थातच पाणीवालीच्या. रोज दुपारी चारला वाचन सुरू व्हायचं आणि सहाला वाद. निम्मं पुस्तक संपलं तेव्हा दोघींच्या एकदमच लक्षात आलं, की ही गोष्ट काही लढाईकडे चाललेली नाही. या दोघी प्रेमात पडताहेत. मात्रा घसा खाकरून पुढे वाचत राहिली, पण जरा सावकाश. साठी उलटल्यावर काना कुणाच्या तरी चुंबनाची वाट पाहत होती आणि तिला ते भलतंच आवडत होतं.

फक्त पानं संपत आली होती. उद्या पट्टी सुटणार होती. पट्टी सुटली की मात्राला यायला निमित्त उरणार नव्हतं. 'तरीही येत जा' एवढे तीन शब्द. सव्वीस वर्षं हवं ते ऐकवलेल्या बाईला तेवढे म्हणायला जीभ रेटत नव्हती.

"वाचा की पुढे," ती म्हणाली.

मात्रानं पान उलटलं. वारेवालीनं पाणीवालीचा जखमी हात हातात घेतला, स्वल्पविराम, आणि कपाळाला लावला, पूर्णविराम. मग मात्रा जराशी थांबली. "'तू समोर बसायचीस,' स्वल्पविराम, 'तेवढीच वर्षं मला माझी वाटतात,' पूर्णविराम."

कानाला ते वाक्य पुन्हा ऐकावंसं वाटलं. पण सवय कुठे जाणार? "या दोघी जन्मभर उभ्यानं भांडल्या. समोरासमोर बसल्या कधी?"

"लेखिकेला पत्र टाका," मात्रा म्हणाली. तिनं उरलेली पानं भराभर वाचली, चुंबनसुद्धा एका दमात उरकलं, पुस्तक मिटलं आणि चपला घातल्या. "आता तुमचं तुम्ही वाचा." काना नुसतं "बरं" म्हणाली.

पट्टी सुटली. चार वाजायचे, सहा वाजायचे. दार कुणी वाजवत नव्हतं. नवव्या दिवशी कानाला राहवेना. ते एक वाक्य निदान डोळ्यांनी तरी पाहावं, म्हणून तिनं भिंग घेतलं आणि पुस्तक उघडलं. पान दोनशे बारा. जखमी हात होता, कपाळ होतं, लगेच पुढच्या ओळीत चुंबन होतं. वाक्य नव्हतं.

तिनं मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. पानं चिकटलीत का, म्हणून नखानं कड सोडवून पाहिली. मूळ प्रतीत नसलेलं अक्षरही तोंडातून जाऊ न देणारी मात्रा. तिनं वाचताना एक अख्खं वाक्य घुसडलं होतं! कानानं भिंग खाली ठेवलं. मग तिनं फोन लावला.

"पान दोनशे बारा," ती म्हणाली. "एक वाक्य छापायचं राहून गेलंय."

पलीकडून शब्द यायच्या आत तिनं पुढचं सांगून टाकलं.

"आणि त्याच्याखाली दुसरीचं उत्तरही सुटलंय. तू ये. या वेळी मी वाचते."