खुंटीवरचं स्टेअरिंग

वीरधवलनं भर चौकात माझ्या कामाला नावं ठेवली. "मिस्त्री, नवा माल लावलाच न्हाई तुमी. फाट्यावर गाडी अजून आपोआप डावीकडंच वळती, वडील वळवायचं तशी."

तीस वर्षं कराडात गॅरेज चालवतोय मी. त्याच्या वडिलांच्या, हंबीररावांच्या, जुन्या पिकपला स्टेअरिंग, सस्पेन्शन, पुढचं सगळं नवं बसवलं. काढलेला माल पोत्यात भरून त्याच्याच हातात दिला. आणि हा मला चोर ठरवतो?

"चल, जुना माल दाखव," म्हणत मी तडक त्याच्या घरी गेलो.

जुनं स्टेअरिंग त्यानं सोप्यात, हंबीररावांच्या हार घातलेल्या फोटोखाली, खुंटीवर अडकवलं होतं.

"ह्ये इथं हाय! मग गाडीत जुनं काय राहिलं रं?" मी ओरडलो.

तेवढ्यात स्टेअरिंग हळूहळू डावीकडं फिरलं.

माझं डोकंच सणकलं. दोन्ही हातांनी धरून मी ते उजवीकडं पिळलं. बाहेर अंगणात, बंद उभ्या गाडीची चाकं करकरत उजवीकडं वळली.

वीरधवल दारातच थिजला.

आणि माझ्या हातांवर आणखी दोन हात घट्ट बसले, माझ्याहून जास्त चिडलेले.