आवडीचा रकाना

दहावीच्या वर्गात आता दोघीच उरल्या होत्या, कल्पिता मॅडम आणि सोनल. फळ्यावर 'करिअर मार्गदर्शन सप्ताह' तसाच होता. त्यातला 'सप्ताह' कुणाच्या तरी पाठीला लागून अर्धा घरी गेला होता.

मॅडम याच गावच्या, याच शाळेत इतिहास शिकवायच्या. आत्ता त्या चौतीस मुलांचे फॉर्म मोबाईलवरून भरत होत्या. रेंज फक्त खिडकीपाशी, म्हणून मोबाईल गजांत अडकवलेला. आवडीची शाखा? कला. पुढचा. कला. पुढचा. कला. अंगठा आता आपोआपच चालत होता.

तेहतीस झाले.

"सोनल, तुझाच राहिलाय. दोनदा लिहिलंयस, दोनदा खोडलंयस, कागद फाटलाय बघ. नक्की काय ते सांग. चारला पोर्टल बंद होतं."

"सायन्स."

"मग खोडलंस कशाला?"

"बाबा म्हणाले, तालुक्याच्या कॉलेजात तुझं प्रॅक्टिकल सुटणार साडेपाचला, आपल्याकडं यायची शेवटची गाडी पाचची. मग काय काळोखात चालत येणार हायस?" सोनल एका दमात बोलली. "कलावाल्यांना बाराला सोडतात. एकच्या गाडीनं जेवायला घरी."

"हं."

"सगळ्यांनी म्हणूनच कला लिहिलंय, मॅडम! त्या प्रज्योतला एक सन पाठ न्हाय. आणि सकाळचे ते पाहुणे सर केवढे खूश! म्हणे, इकडच्या मुलांना कलेची काय ओढ आहे!"

मॅडमना हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येईतो दमलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

सोनल मोबाईलमध्ये डोकावली. "यात गाडीचा रकाना नाही?"

"नाही गं. आवड, छंद, आदर्श व्यक्ती. संपलं."

सुपारीच्या बागेपलीकडे, वळणावर कुठलीशी गाडी हॉर्न देऊन गेली. सोनल खिडकीचा गज नखानं खरवडत राहिली. मग म्हणाली,

"मॅडम, तुम्हाला पहिल्यापासून इतिहासच आवडायचा?"

मॅडमनी चष्मा परत चढवला. फाटलेल्या कागदावरून हात फिरवून तो सरळ केला.

"तेव्हाही पाचचीच होती," त्या म्हणाल्या.

चारला तीन मिनिटं कमी. त्यांनी यादी खाली सरकवली, 'विज्ञान'वर अंगठा ठेवला आणि दाबला. पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं. फिरतच राहिलं.

"अडकलं?" सोनलनं श्वास रोखून विचारलं.

मोबाईल गजांतून सोडवून मॅडमनी हात खांद्यापर्यंत खिडकीबाहेर काढला, आणि तसाच उंच धरून उभ्या राहिल्या.