हात न लावता

"माल दुकानाचा, नावही दुकानाचंच! या धंद्यात तुमच्यासाठी भरपूर नोकऱ्या आहेत," मॉल कंपनीचे साहेब कॉलेजच्या हॉलमध्ये मुलांना सांगत होते. नमुना म्हणून त्यांनी सुकेळीची, म्हणजे उन्हात वाळवलेल्या केळ्यांची, पाकिटं वाटली. वर कंपनीचं नाव, खाली 'वसईची अस्सल'.

वसईजवळच्या वटार गावच्या उन्नतीला ते 'अस्सल' खटकलं. "सर, ही बनवतं कोण?"

"आमचा स्वतःचा कारखाना आहे. सगळं मशीनवर. माणसाचा हातसुद्धा लागत नाही."

उन्नतीने पाकीट फोडलं. आत केळीच्या वाळक्या पानात बांधलेली पुडी होती. तिने ती फिरवून पाहिली आणि गाठीवर थांबली. गाठ उलटी होती. अख्ख्या वटारात अशी गाठ एकच बाई मारते, तिची डावखुरी आई. परवाच घरून माल उचलताना व्यापारी आईला म्हणाला होता, "सुकेळी आता खातंय कोण, काकी? तुमच्याकडे बघून नेतो झालं."

"आणखी काही शंका?" साहेबांनी हसत विचारलं.

उन्नती पुडी हातात घेऊन उभी राहिली.

"एकच, सर. तुमचं मशीन डावखुरं आहे का?"