रस्त्याच्या शेवटची भिंत

आमच्या वसाहतीचा रस्ता नकाशात शेवटच्या प्लॉटपाशी थांबत नव्हता. पलीकडे उद्या घरं झाली तर जोडता यावा, म्हणून तो हद्दीपर्यंत मोकळा ठेवायचा, असा नियमच होता. पण पलीकडे मजुरांची घरं उभी राहू लागली आणि आमच्या अध्यक्षांनी तिथे आठ फुटी भिंत घालायला घेतली. गवंडीही तिकडचाच मिळाला.

"साहेब, नकाशात इथे रस्ता आहे," विटा रचता रचता तो म्हणाला.

"मग नकाशावरूनच जात जा," अध्यक्ष म्हणाले. आम्ही सगळे खो-खो हसलो.

काल दुपारी वसाहतीच्या फाटकातच सिलिंडरची गाडी पेटली. बाहेर पडायची वाट तेवढी एकच. लेकरं कडेवर घेऊन आम्ही उलटे पळत सुटलो, ते थेट भिंतीला येऊन भिडलो. मागे एकेक सिलिंडर फुटत होता. अध्यक्ष नुसत्या मुठींनी भिंत बडवत होते.

तेवढ्यात पलीकडून घणाचा घाव बसला आणि गवंड्याचा आवाज आला.



"बाजूला व्हा साहेब! मधल्या दाराएवढ्या जागेतल्या विटा मी तेव्हाच सिमेंटाशिवाय नुसत्या मातीत बसवल्यात."