शंभर हात नळी

"पाट इथवरच," ओव्हरसियर गुणाकर साहेबांनी खुंटी ठोकली आणि हात झटकले. "पुढे चढ आहे. पाणी काही चढ चढत नाही, बाई."

जिजाबाई पुढे झाली. तिच्यामागे टोल्यातल्या, त्या छोट्या वस्तीतल्या बायका उभ्या होत्या, पुरुष थोडे मागे. "चढ आमच्या घरापाशी हाये, साहेब. धानाच्या बांध्या घरामागं, खाली हायेत. घराले वळसा घालून नहर नेली त पाणी जाते."

"कशावरून म्हणता?"

"मोजून पाहू ना."

साहेबांना दुपारची बस गाठायची होती. मोजणीची दुर्बीण ऑफिसात राहिली होती आणि डोळे सोबत होते, तेव्हा त्यांनी डोळ्यांवरच काम भागवलं होतं. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. पण ही खुंटी एकदा नकाशात गेली, की टोल्याच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, कायमची कोरडी. मागच्या आश्विनात दाणा भरायच्या वेळी पाऊस दडी मारून बसला आणि बावीस घरांच्या लोंब्या पोचट राहिल्या. ती वेळ जिजाबाईला पुन्हा पाहायची नव्हती.

तिने खूण केली. दोघीतिघींनी नळीचं वेटोळं आणून उलगडलं. प्लास्टिकची पारदर्शक नळी, तीन तुकडे सायकलच्या ट्यूबने जोडलेले, आत नीळ घातलेलं पाणी. लांबी शंभर हात.

"हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"आमच्या वर्गात हाये हे."

वर्ग म्हणजे गवंडी डोमाजीची ओसरी. सरकारी हिंदी पाटीवर त्याला 'प्रौढ शिक्षा' म्हणतात. तिथे सातवी पास सीता अक्षरं शिकवते, डोमाजी मोजमाप शिकवतो, आणि मिठाच्या पाण्यात पोचट बी कसं वेगळं काढायचं ते जिजाबाई शिकवते. ज्याला जे येतं ते त्याने शिकवायचं. मास्तर कोण आणि विद्यार्थी कोण, हे पाहुण्याला शेवटपर्यंत कळत नाही.

नळीचं एक टोक काठीला धरून सीता खुंटीपाशी उभी राहिली. दुसरं टोक घेऊन जिजाबाई घरांना वळसा घालून बांधीच्या कडेला गेली. दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीत थांबतं. ज्या टोकाला ते जमिनीपासून जास्त उंच, तिथली जमीन खोल. शास्त्र एवढंच, आणि ते टोल्यात सगळ्यांना पाठ होतं. साहेब जिजाबाईच्या मागोमाग गेले. डोमाजी हात मागे बांधून बाजूला उभा राहिला, अगदी परीक्षा घ्यायला आल्यासारखा.

"दोन हात!" तिकडून सीता ओरडली.

जिजाबाईने काठीवर हात टेकवले, बोटं लावली. परत लावली. तिचा चेहरा उतरला.

"दोन हाताले दोन बोटं कमी."

म्हणजे इथली जमीन उंच. म्हणजे साहेबांचंच खरं. मागे कुजबूज झाली, कोणीतरी नशिबाचं नाव घेतलं. साहेबांनी पिशवी काखेत मारली. त्यांना आनंद झाला असेल असं वाटत नाही, पण सुटल्यासारखं नक्कीच वाटलं.

जिजाबाईने डोमाजीकडे पाहिलं. लबाड म्हातारा आभाळाकडे पाहत होता. त्याचं तोंड आज उघडणार नाही, हे तिला कळलं, आणि ती खाली वाकून नळीकडे पाहू लागली.

"थांबा, साहेब. बायांनो, नळी पाहा! हवा धरली का पाहा, हवा असली त माप चुकते!"

तशा सगळ्याच वाकल्या. शंभर हात नळीवरून बोटं सरकू लागली. दुसऱ्या जोडापाशी चंपाबाईने बसकण मारली. साठीची चंपाबाई, वर्गात निम्मा वेळ डुलक्या काढते.

"सापडला! वीतभर फुगा बसला हाये इथं!"

नळी उचलून टिचक्या मारत त्यांनी फुगा पुढे पुढे ढकलला आणि टोकातून बाहेर काढला. निळं पाणी वरखाली झालं. मग हळूहळू स्थिर झालं. साहेबांनी पिशवी खाली ठेवली होती.

"दोन हात!" सीताने पुन्हा पुकारलं.

"आता तुमीच मोजा, साहेब."

साहेब उकिडवे बसले. त्यांनी दोन हात मोजले, मग बोटं लावली. "चार बोटं."

"कमी का जास्ती?" जिजाबाईला दिसत होतं. पण तिला ते त्यांच्या तोंडून हवं होतं.

"जास्त."

बायकांनी एकच गलका केला. साहेबांनी मात्र टोकांची अदलाबदल करून पुन्हा मोजायला लावलं, आणि ते बरंच केलं. चार बोटं ती चार बोटंच निघाली. साहेब स्वतः जाऊन खुंटी उपटून घेऊन आले आणि बांधीच्या कडेला त्यांनी ती ठोकली. मग वही मांडीवर घेऊन ते ऑफिसच्या हिंदीत लिहू लागले: ग्रामवासियों की माँग पर...

जिजाबाई शेजारी उभी राहून ओठ हलवत वाचत होती. एका शब्दावर ती अडली.

"माँग काहून लिवलं, साहेब?"

"तुमच्या मागणीवरून पाट पुढे नेला, असं. सगळीकडे असंच लिहितात."

"मांगाले त आमी तीनदा ऑफिसात आलतो. बसा बी कोणी म्हटलं नाही." तिच्या आवाजात राग नव्हता. "आज मांगलं नाही, साहेब. मोजलं. तसं लिवा."

पेन थांबलं. मग साहेबांनी तो शब्द खोडला, त्याच्या वर मोजणीचा शब्द, 'नाप', लिहिला आणि वही तिच्याकडे वळवली. तिचं वाचून होईपर्यंत त्यांनी ती मिटली नाही.