न झिजणारे रूळ

लिफ्ट पाचव्या मजल्यावर पोचली, हे आतल्या तिघांना दार उघडल्यावर कळलं. आवाज नाही, हादरा नाही. लिफ्ट कंपनीचा इंजिनियर बाहेर पडलाच नाही. त्याने पुन्हा तळमजल्याचं बटण दाबलं आणि खाली येईपर्यंत भिंतीला तळहात लावून उभा राहिला.

"लोण्यातून सुरी जावी तशी जातेय," तो म्हणाला.

थोरल्या भावाने धाकट्या बहिणीकडे पाहिलं. ती नजर चुकवून हसली. यंत्रांचं घर्षण कमी करणाऱ्या लेपाचा छोटा कारखाना दोघांचाच होता. लेप ती बनवायची, विकायचं काम त्याचं. आजवर कुठल्याही मोठ्या कंपनीने त्याला स्वागतकक्षाच्या पुढे येऊ दिलं नव्हतं. या कंपनीकडे शहरातल्या निम्म्या लिफ्टची देखभाल होती. कंपनीने लेप घेतला तर कारखाना चालणार होता. नाही घेतला तर त्याला कुलूप लावायचं, हे दोघांनी घरात बसून, भांडून, शेवटी ठरवून टाकलं होतं.

नमुना दाखवायला त्यांनी आपलीच इमारत निवडली. इथली लिफ्ट वर्षानुवर्षं किंचाळत होती. भावाने कंपनीच्या कार्यालयातून परवानगी आणली. इंजिनियर तेव्हा रजेवर होता. लिफ्ट ज्या दोन उभ्या रुळांना धरून वरखाली होते, ते बहिणीने स्वतः घासून स्वच्छ केले आणि त्यांना लेप दिला. लेपात कण होते, धुळीच्या कणाचे हजार तुकडे करावेत इतके बारीक. लिफ्ट फिरत गेली तसे ते दाबाने पोलादाच्या खाचांत भरत गेले. थोड्याच आठवड्यांत रुळांवर काचेसारखा, निळसर थर बसला.

तक्रार आली ती एकच. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं म्हणणं पडलं, की पूर्वी कोण केव्हा घरी येतं ते अंथरुणातून कळायचं. आता सगळी इमारत चोरपावलांनी वावरते. भावाने हा किस्सा रंगवून सांगितला. इंजिनियर मनापासून हसला. आपल्या साहेबांशी आजच बोलतो, म्हणाला. फक्त तेवढी ब्रेकची चाचणी उरकायची होती. ती दर वर्षीचीच.

बहिणीने विचारलं, कसला ब्रेक. इंजिनियरने समजावलं. दोर तुटला किंवा वेग हाताबाहेर गेला, तर केबिनखालचे दोन जबडे आपोआप मिटतात आणि केबिनला जागच्या जागी रोखतात.

"जबडे कशाला पकडतात?" तिने विचारलं.

"रुळांना. तिथे दुसरं आहे काय पकडायला?"

तिचा चेहरा उतरला. इतकी वर्षं ती घर्षण मोजत आली होती. आकडा खाली आला की प्रयोग यशस्वी, वर गेला की पुन्हा पहिल्यापासून. तो आकडा कुणाला वर हवा असेल, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. भावाने कोपराने ढोसून काय झालं म्हणून विचारलं. तिने दबक्या आवाजात सांगितलं. चाचणी पुढे ढकलायला सांगू या का, त्याने विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली.

केबिनमध्ये वाळूची पोती रचली. आत कुणी थांबलं नाही. इंजिनियरने केबिन वर पाठवली आणि गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत बसलेल्या मेकॅनिकला फोनवरून इशारा दिला. तिघं तळमजल्याच्या उघड्या दारातून वर बघत होते. केबिन खाली निघाली. खटकन जबडे मिटले. आता ती जागीच अडायला हवी होती. ती अडली नाही. मिटलेल्या जबड्यांसकट सरकत त्यांच्यासमोरून गेली आणि खड्ड्यातल्या स्प्रिंगांवर जाऊन टेकली. तेसुद्धा आवाज न करता.

जिन्यावरून शाळेला निघालेली मुलं उतरत होती. आज चाचणी म्हणून जिना. एरवी ती लिफ्टनेच जात.

इंजिनियरने केबिन वर उचलून घेतली, वीज तोडली आणि खड्ड्यात उतरला. भाऊ काठावर उकिडवा बसून बोलत राहिला. साहेब, एवढंच ना, रूळ पुसून टाकू. आमची बहीण संध्याकाळपर्यंत लख्ख करून देईल. उद्या पुन्हा चाचणी घ्या, मग लेप फक्त दुसऱ्या यंत्रांसाठी विकू, तुमच्याकडे यंत्रं काय कमी आहेत. इंजिनियरने रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं रुळावर दाबून फिरवलं. फडक्यावर थोडी धूळ आली. मग त्याने पॉलिश पेपर घेतला आणि मनगट दुखेपर्यंत घासलं. निळसर थराला ओरखडाही नव्हता.

बहीण काठावरून बघत होती. कुठल्याही कसोटीत लेप इतका टिकलेला तिने पाहिला नव्हता.

इंजिनियर वर आला. तो चिडलेला नव्हता. त्याने हात पुसले आणि सरळ तिलाच विचारलं, "किती दिवसांत उतरेल हा?"

भावाने तिचा दंड धरला. महिनाभर म्हटलं असतं, तरी माणूस थांबायला तयार दिसत होता.

"रूळ झिजले की उतरेल," ती म्हणाली. "आणि हा आहे तोवर रूळ झिजणार नाहीत."