देवीच्या मंडपातील तपासणी

१९७८ साली नाशिकहून डॉक्टर गर्गे कळवणजवळच्या एका खेड्यात आले, ते पाळणा लांबवण्याच्या नव्या तांबीची परीक्षा घेण्यासाठी. गावातल्या बायकांना ती वर्षापूर्वी बसवली होती. तिने कोणालाही अपाय झालेला नाही असे सिद्ध झाले, की ती साऱ्या तालुक्यात बसवायची होती. शाळेत वर्ग भरलेले होते, म्हणून सरपंचांनी तपासणीसाठी देवीचा सभामंडप झाडून दिला.

मंडपात आलेल्या प्रत्येक बाईला डॉक्टरांनी स्वतः विचारले, "रक्त फार जाते का?" प्रत्येकीने नाही म्हणून सांगितले.

"एकीचीही तक्रार नाही! याहून सबळ पुरावा तो कोणता?" असे सरपंचांना ऐकवून डॉक्टर पायऱ्या उतरले.

खाली उन्हात बायकांचा एक घोळका सकाळपासून बसून होता. तपासणी आटोपल्याचे कळताच त्यांतली चिमणाबाई भिंतीला धरून उठली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"ही तांबी आधी काढा, मग जा," ती म्हणाली.

डॉक्टर उसळले. "दिवसभर मी वर घसा कोरडा करत होतो, तेव्हा चार पायऱ्या चढायला पाय मोडले होते का तुमचे?"



"रगताची चौकशी देवळात मांडलीत, डाक्टर! जिचं रगत थांबंना, ती देवीची पायरी चढंल तरी कशी?"